सेंट स्विदिन्समध्ये हसणं कुणाला परवडलं?

एखादी विनोदी मालिका पन्नास वर्षांनंतरही हसवत असेल, तर तिची उलटतपासणी करायला जाणं लोकांना अरसिकपणाचं वाटतं. ‘डॉक्टर इन द हाउस’ ही ब्रिटिश मालिका मला मनापासून आवडते. तिचे जुने भाग मी आजही बघते आणि हसते. म्हणूनच ते हसू नेमकं कशावर उभं आहे, हे तपासून बघावंसं वाटतं.

मालिका सुरू झाली १२ जुलै १९६९ रोजी, लंडन वीकेंड टेलिव्हिजनवर. सेंट स्विदिन्स नावाचं काल्पनिक रुग्णालय, तिथं डॉक्टरकी शिकणारी चार-सहा टवाळ पोरं आणि त्यांच्या मानगुटीवर बसलेले प्रोफेसर लॉफ्टस. बॅरी इव्हान्सचा मायकेल अप्टन हा त्यातला त्यात सरळमार्गी. रॉबिन नेडवेलचा डंकन वेअरिंग उचापती. जेफ्री डेव्हिसचा डिक स्टुअर्ट-क्लार्क आळशी पण रुबाबदार. अर्नेस्ट क्लार्क या नटानं उभे केलेले लॉफ्टस तर बघतच राहावं असे. आवाज न चढवता समोरच्याचं पाणी पाणी करणारे. दोन हंगामांत मिळून २६ भाग झाले आणि लोकांनी ते डोक्यावर घेतले.

हे सगळं लिहिणारी माणसं बाहेरची नव्हती, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. मूळ कादंबरी १९५२ सालची. ‘रिचर्ड गॉर्डन’ हे लेखकाचं टोपणनाव. खरं नाव गॉर्डन ऑस्टलेअर, व्यवसायानं भूलतज्ज्ञ, शिकलेले लंडनच्या सेंट बार्थोलोम्यूज म्हणजे ‘बार्ट्स’ रुग्णालयात. मालिकेचा पहिला भाग जॉन क्लीझ आणि ग्रॅहम चॅपमन यांनी लिहिला. चॅपमनही बार्ट्समध्येच शिकून डॉक्टर झालेले. पुढचे कितीतरी भाग लिहिणारे ग्रॅम गार्डन यांच्याकडेही डॉक्टरकीची पदवी होती. म्हणजे वॉर्डातला वास, राउंडची धास्ती, तोंडी परीक्षेत बसलेली दातखीळ, सगळं अंगावर घेतलेल्या लोकांनी हा विनोद रचला. त्यामुळे तो खोटा वाटत नाही. पण आतल्या माणसाला आपल्या घरातल्या काही गोष्टी दिसतच नाहीत, हेही तितकंच खरं.

माझं म्हणणं थोडक्यात असं: या मालिकेतलं हसू एका हमीवर उभं आहे. ही सगळी पोरं शेवटी डॉक्टर होणार, ही ती हमी. लॉफ्टस कितीही तडकले, चारचौघांत कितीही शोभा केली, तरी मुलं कुठं जात नाहीत हे प्रेक्षकाला ठाऊक असतं. अपमान हा एक टोल आहे. तो भरला की पुढचा रस्ता मोकळा. म्हणून तो अपमान आपल्याला गोड लागतो. ज्यांना ती हमीच नव्हती, त्यांच्या वाट्याला आलेला तोच अपमान या विनोदात कुठंच मावत नाही. आणि जो अपमान विनोदात गोड होतो, तो प्रत्यक्षात रोग्याच्या जिवावर बेतू शकतो, हे तर अजिबातच दिसत नाही.

हमीचा पुरावा मालिकांच्या नावांतच आहे. ‘डॉक्टर इन द हाउस’नंतर १९७१ साली ‘डॉक्टर अ‍ॅट लार्ज’ आली, १९७२ मध्ये ‘डॉक्टर इन चार्ज’, मग ‘अ‍ॅट सी’, ‘ऑन द गो’, ऑस्ट्रेलियात ‘डाउन अंडर’, आणि १९९१ मध्ये बीबीसीवर ‘डॉक्टर अ‍ॅट द टॉप’. सात मालिका, वीसेक वर्षं. घरात शिरलेली पोरं प्रभारी झाली आणि शेवटी शिखरावर जाऊन बसली. वेअरिंग, स्टुअर्ट-क्लार्क आणि त्यांच्याच टोळीतला कॉलियर ही नावं शेवटपर्यंत तीच. लॉफ्टसची नक्कल करणारी मुलं लॉफ्टसच्या वयाला पोचली. यात कुणाचं काही चुकलं असं मला म्हणायचं नाही, गोष्टीची रचनाच तशी आहे. आज तुझ्यावर ओरडतात, उद्या तू ओरडशील.

या घराण्याचा मूळपुरुष लॉफ्टसच्याही आधीचा. याच कादंबरीवरच्या १९५४ च्या चित्रपटात जेम्स रॉबर्टसन जस्टिस यांनी सर लॅन्सलॉट स्प्रॅट हा सर्जन रंगवला. दाढीवाला, धिप्पाड, वॉर्डात शिरला की परिचारिकांची आणि विद्यार्थ्यांची पळापळ. त्या राउंडचा प्रसंग ब्रिटनमध्ये दंतकथा होऊन बसला आहे. स्प्रॅट एका विद्यार्थ्यावर गरजतात, ‘ब्लीडिंग टाइम’ किती? रक्त थांबायला लागणारा वेळ त्यांना हवा असतो. तिकडे ‘ब्लीडिंग’ हा शब्द सौम्य शिवीसारखाही वापरतात, म्हणून घाबरलेला पोरगा घड्याळात बघून किती वाजले ते सांगतो. चित्रपटगृह हसून लोटपोट.

आता तोच प्रसंग पुन्हा बघताना नजर खाटेवर ठेवा. तिथं एक माणूस झोपला आहे. सर लॅन्सलॉट त्याच्या पोटावर चीर कुठून कुठपर्यंत घ्यायची ते आखून दाखवतात. मुलं वाकून बघतात. त्या माणसाचा चेहरा पांढराफटक पडतो, आणि तो चेहराही विनोदाचाच भाग असतो. त्याला काय होतंय, त्याला काय विचारायचंय, याला त्या खोलीत जागा नाही. स्प्रॅट यांचं नाव पुढं ब्रिटिश डॉक्टरांच्या बोलण्यात एक प्रकार सांगण्यासाठी रुळलं: अमुक सर्जन अगदी ‘लॅन्सलॉट स्प्रॅट’ आहे, एवढं म्हटलं की पुरतं. आणि बहुतेकदा ते कौतुकानं म्हटलं जातं. माणूस खडूस, पण हात सोन्याचा.

आता ज्यांना हमी नव्हती त्यांच्याकडे येऊ.

सेंट स्विदिन्सच्या टोळक्यातलं वैविध्य म्हणजे मार्टिन शॉनं केलेला एक वेल्श मुलगा आणि जोनाथन लिननं केलेला एक आयरिश. मुख्य टोळीत सगळे गोरे, सगळे पुरुष. त्याच वर्षांत खऱ्या ब्रिटिश रुग्णालयांत काय चाललं होतं? ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली आणि दहा-बारा वर्षांतच तिला डॉक्टर पुरेनात. भारत, पाकिस्तान, श्रीलंका इथून तरुण डॉक्टर गेले आणि त्यांनी कनिष्ठ पदं भरून काढली. १९६१ साली हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये लॉर्ड कोहेन यांनी उघड सांगितलं की भारत-पाकिस्तानातून आलेले हे तरुण डॉक्टर नसते तर ही सेवा कोसळली असती. त्यात आपली मराठी मुलंही होती. मुंबई-पुण्या-नागपुरातून एमबीबीएस करून, एफआरसीएस नाहीतर एमआरसीपी ही तिकडची वरची पात्रता मिळवायचं मनात धरून गेलेली.

त्यांना मिळालं काय? लंडनच्या नामांकित रुग्णालयांतल्या मोठ्या जागा जवळजवळ नाहीतच. मनोरुग्णांचे वॉर्ड, वृद्धांचे वॉर्ड, कारखान्यांच्या शहरांतली आणि वेल्समधल्या कोळसा खाणींच्या खोऱ्यांतली जनरल प्रॅक्टिस. तिथल्या पदवीधरांना जिथं जायचं नव्हतं तिथं ही मंडळी राबली. सहा-सहा महिन्यांच्या नोकऱ्या, पुढची नोकरी आताच्या साहेबाच्या शिफारसपत्रावर अवलंबून. अशा माणसावर लॉफ्टस खेकसले तर त्याला हसता येईल? संध्याकाळी पबमध्ये बसून मित्रांना नक्कल करून दाखवता येईल? अप्टनला ओरडा बसला तर भाग रंगतो. खोलीचं भाडं आणि घरी पाठवायचे पैसे ज्याच्या डोक्यावर आहेत, त्या सहा महिन्यांच्या नोकरीवाल्याला बसला, तर त्याची रात्रीची झोप उडते. १९७५ साली तर डॉक्टरांची नोंदणी करणाऱ्या तिथल्या जनरल मेडिकल कौन्सिलनं भारतीय पदव्यांना आपोआप मिळणारी मान्यताच काढून घेतली आणि नव्या येणाऱ्यांना परीक्षा लावली.

याला जोडून एक गोष्ट सांगते, कारण ती मला फार बोलकी वाटते. अप्टन झालेला बॅरी इव्हान्स भारतात ओळखला जातो तो ‘माइंड युवर लँग्वेज’मुळे. तीही लंडन वीकेंड टेलिव्हिजनचीच, १९७७ सालची. आपल्याकडे तिच्यावरून ‘जबान सँभाल के’ निघाली. त्या मालिकेत इव्हान्स मास्तर आहे आणि भारतीय, पाकिस्तानी माणसं त्याच्या वर्गात मोडकंतोडकं इंग्रजी बोलत बसलेली. म्हणजे तोच नट, तीच वाहिनी. रुग्णालयाच्या विनोदात भारतीयाला टोळीत जागा नाही; ती मिळते इंग्रजी न येणारा विद्यार्थी म्हणून. प्रत्यक्षात त्याच संध्याकाळी कितीतरी इंग्रज घरांतले आजी-आजोबा भारतीय डॉक्टरच्या देखरेखीखाली झोपलेले असणार. लोकांनी जे बघितलं आणि लोकांच्या घरात जे घडत होतं, यात एवढं अंतर होतं.

मालिकेच्या पहिल्या भागाचं नाव होतं ‘तुला डॉक्टर का व्हायचंय?’ प्रवेशाच्या मुलाखतीतला ठरलेला प्रश्न. त्याआधीचा प्रश्न म्हणजे मुलाखतीला बोलवायचं कुणाला. लंडनच्या जुन्या वैद्यकीय महाविद्यालयांत डॉक्टरांच्या मुलांना आणि रग्बी खेळणाऱ्यांना झुकतं माप मिळतं, हे तिकडे उघड गुपित होतं. पण एका महाविद्यालयात ते आकड्यांत सापडलं. सेंट जॉर्जेसमध्ये १९८० च्या सुमारास अर्जांची पहिली चाळणी करायला संगणकाचा प्रोग्राम तयार केला गेला. आधीचे निवड करणारे जसे निर्णय घ्यायचे, तसेच त्यानं घ्यावेत अशी त्याची बांधणी केली होती, आणि त्यांच्याशी त्याचे निकाल नव्वद टक्क्यांहून जास्त जुळायचे. आतल्याच दोन डॉक्टरांनी तक्रार केल्यावर कमिशन फॉर रेशियल इक्वालिटी या वंशभेदाच्या तक्रारी बघणाऱ्या आयोगानं चौकशी केली. १९८८ मध्ये निष्कर्ष आला: नाव युरोपीय वाटत नसेल तर गुण कापले जात, बाई असेल तरी कापले जात. दरवर्षी साठेक अर्जदार निव्वळ यामुळे मुलाखतीपासून वंचित राहिले असावेत. संगणकानं स्वतःहून काही केलं नव्हतं. माणसांची सवय त्यानं जशीच्या तशी उचलली. आणि सेंट जॉर्जेसमध्ये गौरेतर विद्यार्थी लंडनच्या इतर बहुतेक महाविद्यालयांपेक्षा जास्तच होते. म्हणजे बाकीच्या ठिकाणी हीच चाळणी माणसं हातानं करत होती, फक्त कागदावर खूण राहत नव्हती.

बायकांची कहाणी त्याहून जुनी, आणि तिचं एक टोक आपल्याकडे आहे. १८८९ साली मुंबईच्या रखमाबाई लंडनला गेल्या. त्यांना बार्ट्सनं किंवा तशा कुठल्या जुन्या रुग्णालयानं घेतलं नसतं. त्या शिकल्या लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेनमध्ये. बायकांना दार बंद होतं म्हणून बायकांनी १८७४ मध्ये काढलेली ती संस्था. वॉर्डात प्रत्यक्ष काम शिकायला रॉयल फ्री हे एकच रुग्णालय त्यांना दार उघडून बसलं होतं. १८९४ मध्ये रखमाबाई डॉक्टर झाल्या. पहिल्या महायुद्धात पुरुष आघाडीवर गेल्यावर लंडनच्या आणखी काही महाविद्यालयांनी मुली घेतल्या, आणि युद्ध संपल्यावर १९२० च्या दशकात त्यातल्या बहुतेकांनी दारं पुन्हा लावून घेतली. सरकारी पैसा हवा असेल तर मुली घ्याव्या लागतील, असं १९४४ च्या गुडइनफ समितीनं सुचवलं, तेव्हा कुठं हालचाल झाली. बार्ट्सनं १९४७ मध्ये मुली घेतल्या. आपल्या मालिकेला तेव्हा बावीस वर्षं उरली होती. तरीही सेंट स्विदिन्समधली बाई म्हणजे प्रामुख्यानं परिचारिका, आणि परिचारिका म्हणजे पोरांनी मागं लागायची मुलगी.

परिचारिकेचं हे चित्र मला सगळ्यात जास्त खटकतं, आणि त्याला कारण आहे. २००५ साली इंग्लंडमध्ये इलेन ब्रोमिली नावाच्या बाई सायनसच्या साध्या शस्त्रक्रियेसाठी दाखल झाल्या. भूल दिल्यावर श्वासमार्ग बंद पडला. अनुभवी डॉक्टर तिथं होते. ते तोंडावाटे नळी घालायचा प्रयत्न पुन्हा पुन्हा करत राहिले. वेळ कसा गेला ते त्यांना कळलं नाही. एका परिचारिकेनं न सांगता गळ्याला छेद देण्याचं साहित्य आणून ठेवलं आणि ते तयार आहे असं सांगितलं. दुसरीनं अतिदक्षता विभागात फोन करून खाट ठेवायला सांगितलं. डॉक्टरांच्या चेहऱ्यावरून आपण उगीच घाबरतोय असं वाटून तिनं खाटेचा निरोप परत रद्द केला. काय करायला हवं हे त्या खोलीत काही जणींना दिसत होतं. ते ठणकावून कसं सांगायचं, हे कुणालाही शिकवलेलं नव्हतं. इलेन वाचल्या नाहीत. त्यांचे पती मार्टिन ब्रोमिली वैमानिक. विमानात सहवैमानिकानं कॅप्टनला टोकणं हा त्यांच्या प्रशिक्षणाचा भाग. रुग्णालयात तसं काहीच नाही हे बघून त्यांनी पुढची कितीतरी वर्षं हे काम लावून धरलं. तिथल्या डॉक्टरांनी कुणाचा अपमान केल्याची नोंद नाही, आणि कुणाला सुळावर चढवा असंही ब्रोमिली कधी म्हणाले नाहीत. मुद्दा तोच आहे. प्रत्यक्ष कुणी न ओरडताही पिढ्यान्‌पिढ्यांचा दरारा खोलीत हजर असतो.

ब्रिस्टल रॉयल इन्फर्मरीत हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर घडली. तिथं तान्ह्या मुलांच्या हृदयशस्त्रक्रियांत मृत्यूंचं प्रमाण जास्त आहे, हे स्टीफन बोलसिन या तरुण भूलतज्ज्ञाच्या लक्षात आलं. त्यांनी आकडे गोळा केले, वरिष्ठांपुढं ठेवले. ऐकून घेणारं कुणी भेटलं नाही. शेवटी ते ऑस्ट्रेलियात निघून गेले. २००१ मध्ये सर इयन केनेडी यांच्या चौकशी समितीचा अहवाल आला. १९९१ ते १९९५ या काळात अपेक्षेपेक्षा ३० ते ३५ जास्त बालकं दगावली, असं त्यात म्हटलं आहे. कारणांमध्ये एक शब्दप्रयोग आहे: क्लबची संस्कृती. मूठभरांच्या हाती सगळी सूत्रं, आतल्याला विचारायचं नाही, बाहेरच्याचं ऐकायचं नाही. हे वाचताना मला सेंट स्विदिन्स आठवल्याशिवाय राहिलं नाही. तिथं आपल्याला ज्याची भुरळ पडते तो क्लबच तर आहे! पोरांची यारी, बिअर, एकमेकांना सांभाळून घेणं, बाहेर एक शब्द न जाऊ देणं. त्या विनोदाचा जनक भूलतज्ज्ञ आणि ब्रिस्टलमध्ये बोलणाराही भूलतज्ज्ञ, हा योगायोग असेल. पण रोग्याच्या उशाशी बसून सगळी शस्त्रक्रिया बघणारा माणूस तोच असतो.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्हींत तथ्य आहे.

पहिला असा की विनोद मोठ्यांची हवा काढतो. लॉफ्टसची फजिती होतेच की! होते, आणि ती बघायला मजाही येते. १९६९ साल होतं. जुन्या पिढीची खिल्ली उडवणं तेव्हा धाडसाचंही होतं. पण भाग संपतो तेव्हा लॉफ्टस आपल्या जागी असतात आणि त्यांची रीत कायम असते. फजिती माणसाची होते, रिवाजाची होत नाही. उलट चिडलेला म्हातारा इतका मजेदार होऊन बसतो की तो नसेल तर रुग्णालय बेचव वाटावं.

दुसरा आक्षेप डॉक्टर मंडळींकडून येतो आणि तो जास्त वजनदार आहे: जिवाशी खेळ आहे, धाक नसेल तर पोरं ढिली पडतील. काटेकोरपणा हवाच. पण काटेकोरपणा आणि पाणउतारा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हे आता मोजूनही झालेलं आहे. २०१५ साली ‘पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकात इस्रायलमधला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. नवजात अतिदक्षता विभागातल्या २४ पथकांना बाहुल्यावर एक आणीबाणी हाताळायला दिली. काही पथकांना परदेशी तज्ज्ञाकडून तुमच्याकडच्या वैद्यकीचा दर्जा काही खास नाही, अशा थाटाचे शेरे ऐकवले. आरडाओरडा नाही, शिवीगाळ नाही, नुसते शेरे. त्या पथकांचं निदानही घसरलं आणि हातचं कामही. एकमेकांना माहिती सांगणं, मदत मागणंच कमी झालं. याउलट जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी १९ कलमांची तपासणी यादी आणली. तिच्यात एक कलम असं की चीर घेण्याआधी खोलीतल्या प्रत्येकानं आपलं नाव आणि काम सांगायचं. आठ देशांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून बघितली, त्यात दिल्लीचं एक होतं. मृत्यूंचं प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आलं. शिस्त यालाच म्हणायचं. एकदा आपलं नाव मोठ्यानं सांगितलेली परिचारिका पुढं सर्जनला थांबा म्हणायला कमी कचरते.

आता हे सगळं मराठीत लिहिण्याचं कारण. लॉफ्टस आणि स्प्रॅट ज्या पद्धतीतून आले ती आपल्याकडे अजून नांदते आहे. इंग्रजांच्या काळात ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या प्राध्यापकांच्या जागा इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या साहेबांसाठी राखीव असत. कितीही हुशार असला तरी आपला डॉक्टर बाहेर. त्या अपमानाला उत्तर म्हणून १९२६ मध्ये परळला शेठ गोर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज आणि केईएम रुग्णालय उभं राहिलं. देणगी देणाऱ्यांची अटच होती की शिकवणारे भारतीय असावेत. केवढी अभिमानाची गोष्ट! पण साहेब बाहेर ठेवले आणि साहेबी रीत आत घेतली. एका वरिष्ठाच्या हाताखालच्या डॉक्टरांच्या ज्या तुकडीला ब्रिटनमध्ये ‘फर्म’ म्हणत ती आपल्याकडे ‘युनिट’ झाली. ‘हाउसमन’, ‘रजिस्ट्रार’, ‘ऑनररी’ हे शब्द आले, आणि त्यांच्यासोबत ऑनररी सरांच्या मागं शेपटासारखी चालणारी रांग आली. सरांच्या शिव्या खाल्ल्या म्हणून घडलो, असं सांगणारे कितीतरी मोठे डॉक्टर आपण ऐकले आहेत. त्या वाक्यात सेंट स्विदिन्सची तीच हमी आहे: खाल्ल्या आणि घडलो. ज्यांनी खाल्ल्या आणि जे सोडून गेले, ते हे वाक्य बोलायला व्यासपीठावर नसतात.

माझे काका एका मोठ्या सरकारी रुग्णालयात दाखल होते तेव्हा सकाळच्या राउंडला मी तिथं होते. युनिटचे प्रमुख आले, केसपेपर चाळला आणि आदल्या दिवशीचा एक रिपोर्ट लावलेला नाही म्हणून तो कागदांचा गठ्ठा समोरच्या मुलीच्या अंगावर भिरकावला. ती पहिल्या वर्षाची निवासी डॉक्टर. रात्रभर जागी होती, हे आम्ही डोळ्यांनी बघितलं होतं. कागद वेचायला ती खाली वाकली. कुणी मान वर केली नाही. रात्री काकांच्या लघवीचं प्रमाण फार कमी झालं होतं आणि ती गोष्ट तिनंच टिपून ठेवली होती. ती सांगायची राहून गेली. काकांची पत्नी धिटाईनं पुढं होऊन म्हणाली, ‘डॉक्टरसाहेब, रात्री लघवी झालीच नाही हो नीट.’ तेव्हा सर थांबले. काकूंना कुणाचा टोल भरायचा नव्हता, म्हणून त्या बोलू शकल्या.

रॅगिंगविरुद्ध महाराष्ट्रानं १९९९ मध्येच कायदा केला, तो विद्यार्थ्यांनी विद्यार्थ्यांच्या केलेल्या छळाबद्दल. वरिष्ठ डॉक्टरनं भर वॉर्डात केलेल्या पाणउताऱ्याला आपण अजून ‘शिकवणं’ म्हणतो. निवासी डॉक्टरांचे संप होतात, विद्यावेतन आणि सुरक्षा यांवर बोललं जातं, ते बोललंच पाहिजे. पण राउंडवर माणसाशी कसं बोलायचं हा मागण्यांच्या यादीतला मुद्दा व्हायला हवा, आणि प्राध्यापकाच्या बढतीच्या वेळी त्याच्या हाताखालच्या मुलांना आणि परिचारिकांना गुप्तपणे विचारलं जायला हवं. संशोधनाचे पेपर मोजता येतात, तर हेही मोजता येईल.

ब्रिटनमध्ये रुग्णालयाचा विनोद आता बदलला आहे, हेही सांगायला हवं. ‘धिस इज गोइंग टू हर्ट’ ही २०२२ ची बीबीसी मालिका एका माजी डॉक्टरच्याच रोजनिशीवर आधारलेली. तीही हसवते. पण त्यातला नायक थकलेला, वरिष्ठांकडून ठेचलेला, आणि तो आपल्या हाताखालच्या श्रुती आचार्य या मुलीला तितकंच तोडून बोलतो. ती हुशार आहे, राबते, हळूहळू तयार होते, आणि एक दिवस जीव देते. कथेनं त्याची जबाबदारी नायकाच्या खांद्यावरून उतरवलेली नाही. श्रुती ही भारतीय वंशाची आहे आणि गोष्टीच्या मध्यभागी आहे. सेंट स्विदिन्सच्या टोळीत जिला जागा नव्हती तिच्या नजरेतून वॉर्ड दिसायला पाच दशकं लागली. विनोद अशानं कमी होत नाही. तो कुणाच्या बाजूनं केला आहे हे फक्त स्पष्ट होतं.

आपण मात्र ही गोष्ट अजून लिहिलेली नाही. साठ-सत्तरच्या दशकांत गेलेल्या मराठी डॉक्टरांतले कितीतरी जण आज ऐंशीच्या घरात आहेत. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासूनचं. अशा मंडळांना, इथल्या महाविद्यालयांच्या माजी विद्यार्थी संघांना हे काम करता येईल. या मंडळींना बसवून, आवाज मुद्रित करून, सविस्तर विचारलं पाहिजे. सत्काराच्या भाषणात येतात त्या यशाच्या गोष्टी बाजूला ठेवून विचारलं पाहिजे: पहिली नोकरी कुठल्या वॉर्डात मिळाली, कुठल्या वॉर्डात मिळाली नाही, शिफारसपत्र कुणी अडवलं, कुठला इंग्रज साहेब पाठीशी उभा राहिला. पहिल्या राउंडला तुम्हाला कोण काय म्हणालं, आणि पुढं तुम्ही स्वतः कन्सल्टंट झाल्यावर तुमच्या हाताखालच्या नव्या मुलीशी कसं बोललात.